जज्जबाईंचा फ्लेक्स

मी जज्ज झाले ही बातमी मला आमच्या गावच्या एसटी स्टँडवर कळली. आठवड्याचं कोर्ट आटपून कराडहून निघाले होते. उंब्रजला उतरून वडापची जीप धरली, गावात आले आणि खाली पाय टेकते तर समोर मीच. काळा कोट, पांढरा बँड, वकिलीच्या सनदेच्या ओळखपत्रावरचा तो घाबरलेला फोटो, पण उंचीला माझ्या दुप्पट. फोटोच्या वर पहिली ओळ, 'गावची सुकन्या'. तिच्याखाली लाल अक्षरात, 'न्यायाधीशपदी निवड झाल्याबद्दल'. आणि तिसऱ्या ओळीत, 'हार्दिक अभिनंदन'. तळाला सरपंच, उपसरपंच, तरुण मंडळाची सगळी कार्यकारिणी हात जोडून उभी, आणि कोपऱ्यात गॉगल घातलेला एक इसम, ज्याला मी आजतागायत ओळखलेलं नाही.

अडचण एकच होती. मी जज्ज झालेच नव्हते.

झालं होतं ते असं. न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन पायऱ्या असतात. आधी पूर्वपरीक्षा, मग मुख्य परीक्षा, मग मुलाखत. मी पहिली पायरी चढले होते आणि त्याच आनंदात घरी फोन केला होता की पास झाले. फोन आण्णांनी घेतला. आण्णा म्हणजे माझे वडील. फौजेतनं सुभेदार म्हणून घरी आलेले, आता ऊस आणि म्हशी बघतात. आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे परीक्षा म्हटलं की गावाला भरतीच आठवते. पोरगा मैदानात पहिल्या घोळक्यात पळत आला की गाव त्याला फौजी धरूनच चालतं. पुढचं मेडिकल, पुढचा पेपर, ही सगळी नंतरची किरकोळ कामं. त्याच दिवशी हार, हलगी आणि फ्लेक्स. त्या रीतीनं पोरगी पहिल्या फेरीत पास झाली म्हणजे पोरगी जज्ज झाली. आण्णांनी पारावर सांगितलं आणि तरुण मंडळ त्याच पावली उंब्रजला फ्लेक्स छापायला गेलं.

माझा स्वभाव तापट आहे. हे मी सांगायला नको, कराडच्या बार रूममध्ये कुणालाही विचारा. मी तणतणत घरी गेले आणि आण्णांना मुख्य परीक्षा म्हणजे काय, मुलाखत म्हणजे काय, किती जण बसतात आणि किती जण गळतात, हे सगळं दारातच ऐकवलं. आण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की मग आता राहिलंय काय, पेपर आणि मुलाखत, ते होईल की. माणसानं डोंगर चढायला घेतला की पहिल्या टप्प्यावर फोटो काढून घेण्यात चूक काय, असा त्यांचा एकंदर नूर होता. मी कपाळावर हात मारून घेतला.

खरं सांगायचं तर आण्णांना वकील हा प्राणी मुळातच पटत नव्हता. वकील म्हणजे भाड्यानं भांडणारा माणूस, आज याच्या बाजूनं, उद्या त्याच्या. फौजेत असं चालत नाही. जज्ज मात्र त्यांना पटायचा. एक माणूस वर बसतो, दोन्हीकडचं ऐकतो, हुकूम देतो, विषय संपला. मी कराडला सरांच्या हाताखाली वकिली करायला लागल्यापासून कुणी विचारलं की पोरगी काय करते, तर आण्णा 'कोर्टात हाय' एवढंच सांगायचे आणि उसाच्या तोडीचा विषय काढायचे. आता मात्र ते बोलवल्याशिवाय पारावर जाऊन बसायला लागले. चालण्यात पुन्हा परेडची ऐट आली. आईनं सांगितलं की कधी नव्हे ते दाढीसुद्धा रोज करायला लागलेत.

आणि गाव काय, गावाला कारणच पाहिजे होतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी बांधाचं भांडण घेऊन एक गृहस्थ आमच्या ओट्यावर येऊन बसले. मागोमाग एक मावशी आल्या, त्यांना जावयाला माझ्याकडनं नुसता दम भरून पाहिजे होता. हेडमास्तरांनी शाळेच्या स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. आमच्याकडे कुणाचा वाढदिवस आला की स्टँडवरचा जुना फ्लेक्स जातो आणि नवा येतो, हा नियम. पण जज्जबाईंच्या फ्लेक्सवर वाढदिवस टांगायची कुणाची टाप नव्हती. दादा, भाऊ, आप्पा सगळ्यांनी आपापले वाढदिवस पलीकडच्या विजेच्या खांबावर साजरे केले.

संध्याकाळी मी चुलीपाशी आईला सगळं सांगत होते, म्हणजे ओरडतच होते. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "फ्लेक्स ऱ्हाऊ दे गं. तुला व्हायचंय का जज्ज, ते सांग."

 अर्ज मी भरला होता तो बॅचमधल्या सगळ्यांनी भरला म्हणून. अभ्यास केला तो अर्ज भरला म्हणून. व्हायचंय का, हे मला तोवर कुणी विचारलं नव्हतं आणि मीही नाही. आता मुख्य परीक्षा महिन्याभरावर आलेली, आणि आण्णांचा सगळ्या गावापुढचा शब्द त्या स्टँडवर टांगलेला. मी बसले नाही, तर ज्या माणसानं आयुष्यात कधी पोकळ बात केली नाही, तो पारावर खोटा पडणार होता. 

मग मी ठरवलं, आपल्याबरोबर शिकलेली माणसं एकाच पदवीतनं कुठं कुठं गेली आणि तिथं काय करतात, ते नीट बघायचं. बाजारात भाजी घेतानासुद्धा आपण चार ठिकाणी बघतो, इथं तर जन्म काढायचा होता.

पहिली गाठली पुण्याची मैत्रीण. ती एका मोठ्या कंपनीत कायद्याचं बघते. काचेची इमारत, गार हवा, बटण दाबलं की कॉफी. मला तर आत जाताना चप्पल काढावी की काय असं झालं. तिच्या टेबलावर ना पक्षकार, ना समोरचा वकील, ना तारीख. नुसते करार. त्या आठवड्यात ती एका 'आणि'च्या जागी 'किंवा' यावा म्हणून मुंबईच्या माणसांशी झगडत होती. मी विचारलं, तू कोर्टात शेवटची कधी उभी राहिलीस? तिला आठवेना. पण म्हणाली की तुम्ही लागलेली आग विझवता, मी आधीच वायरिंग तपासते, माझं काम चांगलं झालं तर कुणाला कळतसुद्धा नाही. हे मला पटलं. पण कुणाला कळणारच नाही असं काम चांगलं करायचं म्हणजे माझ्यासारखीला शिक्षाच. शिवाय तिला मोठ्यानं भांडायची संधी मिळते ती फक्त सोसायटीच्या मीटिंगमध्ये.

दुसरा आमच्या बॅचचा सरकारी वकील. तो आधी विट्याकडे होता, मग कराडला बदलून आला, त्यामुळे त्याची माझी रोजचीच गाठ. त्याच्या टेबलावर फायलींची चळत अशी की पलीकडे तो आहे की नाही हे खोकल्यावर कळतं. त्याचा पक्षकार सरकार. सरकार कधी पिशवीतनं पेरू घेऊन ऑफिसला येत नाही, रडत नाही, आणि जेवायच्या वेळी फोन करून 'आपलं काय झालं' असं विचारत नाही. मी त्याला चिडवायचे की तुला, मेल्या, केसची निवडच नाही, पोलीस देतील ते घ्यायचं. तो म्हणायचा, निवड नाही हे खरं, पण मनाला न पटणारी बाजू सजवून सांगायचीही गरज नाही, पुरावा लंगडा असला तर लंगडा म्हणून मोकळा होतो. त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. मात्र दिवसभरात कितीतरी माणसांची नावं तो पुकाऱ्यात ऐकायचा आणि त्यातल्या कुणाशी दोन शब्द बोलायला त्याला सवड नसायची.

आणि तिसरी, जिच्याकडे जायला मी कचरत होते, ती जज्ज झालेली. आमच्याच वर्गातली, माझ्या शेजारच्या बाकावर बसणारी, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नेमलेली. रविवारी सकाळी मी तिच्या सरकारी घरी पोचले. दार उघडलं आणि ही बया बोलायला लागली ती दुपारपर्यंत थांबेचना. मी, जिला सर 'आकाशवाणी' म्हणतात, तिला मध्ये बोलायला फट मिळेना. चहा झाला, पोहे झाले, तरी चालूच. शेवटी मी म्हटलं, अगं माझे बाई, श्वास तरी घे. तशी ती हसली आणि म्हणाली, "आठवडाभर मी फक्त ऐकते गं. बोलायला माणूसच नसतं."

मग तिनं सांगितलं. गावात कुणाच्या घरी जेवायला जायचं नाही, कारण उद्या तोच माणूस समोर पक्षकार म्हणून यायचा. संक्रांतीला शेजारणीनं तिळगूळ आणि वाण आणलं, तर घ्यावं की नाही यावर तिचा अर्धा दिवस गेला. भाजी ती पलीकडच्या गावच्या बाजारातनं आणते, कारण इथला भाजीवाला एका दाव्यात वादी आहे आणि मेथीची जुडी जरा मोठीच देतो. जत्रेला सगळं गाव मटणाच्या जेवणाला या घरातनं त्या घरात फिरत असतं, तेव्हा ही आपली पिठलं-भात खाऊन निकालपत्र लिहीत बसलेली. तीन वर्षांनी ओळखी व्हायला लागतात तोवर बदली येते.

"मग आवडतं का तुला?" मी विचारलं.

तिचा चेहरा उजळला. म्हणाली, खूप. एखादा साक्षीदार खोटं बोलताना थांबतो कुठं, अडखळतो कुठं, ते सगळं तिला वरनं दिसतं. सगळे ओरडून दमले की शेवटी तिला शांतपणे कागदावर खरं काय ते लिहायचं असतं, आणि ते लिहून सही करताना तिला जे वाटतं ते दुसऱ्या कशात नाही. मी तिच्याकडे बघतच राहिले. कॉलेजातसुद्धा आम्ही सगळे कँटीनमध्ये तावातावानं भांडायचो तेव्हा ही भिंतीला टेकून ऐकत असायची आणि शेवटी एकच वाक्य बोलायची. ती जज्ज झाली नव्हतीच, ती होतीच मुळी. परत येताना मला तिचा अभिमान वाटला आणि स्वतःची भीती वाटली. आठवडाभर गप्प बसायचं या कल्पनेनंच मी एसटीत शेजारी बसलेल्या बाईंशी कराड येईपर्यंत बोलत राहिले.

सोमवारी मी सरांना हे सांगितलं. सर म्हणजे माझे सीनिअर, कराडच्या कोर्टात त्यांचे केस पांढरे झाले. त्यांच्या ज्युनिअरपैकी काही जण आज जज्ज आहेत आणि सर रोज त्यांच्यापुढे वाकून उभे राहतात, त्याचं त्यांना काही वाटत नाही. त्यांनी चष्मा पुसत एवढंच म्हटलं की वर बसणारा माणूस वेगळा आणि खाली उभा राहणारा वेगळा, दोन्ही लागतात, आपण कोणते ते पायांना विचारावं. मग नेहमीसारखं माझ्या हातात फाइल दिली. त्या दिवशीच्या तारखेची होती.

प्रकरण मारामारीचं होतं. माणदेशाकडची धनगर मंडळी दिवाळी झाली की मेंढ्या घेऊन आमच्या कृष्णाकाठाला उतरतात. शेतकरी त्यांना आपल्या रानात मेंढ्या बसवायला बोलावतात, म्हणजे कळप मुक्कामाला त्या रानात राहतो, रानाला खत मिळतं, आणि मेंढपाळाला त्याबदल्यात धान्य. तर अशाच एका कळपाच्या मालकिणीच्या पोरावर आरोप होता की त्याच्या मेंढ्या एका बागायतदाराच्या उसात शिरल्या आणि जाब विचारायला गेलेल्या बागायतदाराच्या पोराला त्यानं काठीनं मारलं. पोरगा आमचा पक्षकार, पण बोलायचं सगळं त्याची आई. वर्षभर तारखा चालल्या होत्या. दर तारखेला कळप कुणाच्या तरी भरवशावर टाकून मायलेक कराडला यायची आणि 'पुढची तारीख' ऐकून परत जायची. मुख्य म्हणजे इजा किरकोळ होती आणि फिर्यादीनं मनावर घेतलं तर हे आपसात मिटण्यासारखं होतं. पण फिर्यादी, म्हणजे तो बागायतदार, ऐकेना.

त्या दिवशी आण्णा ट्रॅक्टरचा पार्ट घ्यायला कराडला आले होते आणि जाता जाता जज्ज कुठं बसतो ते बघायला म्हणून कोर्टात शिरले. मी त्यांना आवारातल्या कडुलिंबाखाली, नोटरीच्या टेबलाशेजारी कट्ट्यावर बसवलं. आमचा पुकारा व्हायला वेळ होता. बागायतदार मामा त्याच लिंबाखाली फुरंगटून बसले होते. मी सरकारी वकिलाला विचारलं, बोलू का तुझ्या फिर्यादीशी? तो म्हणाला, बघ बाई तुला जमलं तर, तेवढीच एक फाइल हलकी, आणि चहाला गेला.

मी मामांच्या शेजारी जाऊन बसले. मेंढपाळ बाईंनाही तिथंच बोलावलं. ऊस किती खाल्ला, काठी कुणी उचलली, हे मी विचारलंच नाही. ते सगळं कागदावर होतं आणि कागद वाचून मला वर्षभर काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मी शेतकऱ्याचीच पोर. मेंढ्यांनी उसाची चार धाटं मोडली म्हणून माणूस वर्षभर कोर्टात येत नाही, हे मला कळत होतं.

मी विचारलं, "मामा, दरसाल ह्यांच्या मेंढ्या पहिल्या कुणाच्या रानात बसत्यात?"

मामांनी मान दुसरीकडे फिरवली.  मग म्हणाले, "माझ्या बापापास्नं पहिला मुक्काम आमच्या रानात. गेल्या साली भावकीच्या रानात बसवल्या. मला इचारलं बी न्हाई."

"तुमच्या रानात पाणी सोडल्यालं हुतं आवं," मेंढपाळ बाई म्हणाल्या. "चिखलात कशी बसवू? त्येच सांगाय पोराला धाडला हुता, तर तुमच्या पोरानं बांधावरनंच हाकलला."

मामांना हे माहीत नव्हतं. त्यांच्या पोरानं घरी निम्मंच सांगितलं होतं. पुढची पाच-दहा मिनिटं दोघं एकमेकांवर असे काही चिडले की मी मनातल्या मनात खूश झाले, कारण हे भांडण आता कोर्टातलं राहिलं नव्हतं, घरातलं झालं होतं. मामांचे वडील, बाईंचे सासरे, कुणाच्या लग्नात कुणी घोंगडी दिली, सगळं निघालं. शेवटी बाई म्हणाल्या की येत्या सालाला पहिला मुक्काम तुमच्याच रानात, मग तर झालं? मामांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "रान वाळवून ठेवतो."

पुकारा झाला. आम्ही आत गेलो. न्यायाधीशसाहेबांनी मामांना विचारलं, कुणाचा दबाव नाही ना, स्वखुशीनं मिटवताय ना? मामा म्हणाले, व्हय. साहेबांनी विचारलं, एवढं वर्षभर ऐकत नव्हता, मग आज कसं मिटलं? मामा म्हणाले, "सायेब, मेंढरं येणार हायती." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना पुढचं ऐकायचं होतं, अगदी जीव तुटत होता त्यांचा, हे मला स्पष्ट दिसलं. पण बोर्डावर अजून ढीगभर प्रकरणं होती, आणि मेंढ्या कुणाच्या रानात आधी बसाव्यात याला कायद्यात कलम नाही. त्यांनी मनात आणलं तरी तसा हुकूम लिहिता आला नसता. त्यांनी तडजोड नोंदवून घेतली, पुढचा पुकारा झाला, आणि ती सगळी मजेदार गोष्ट त्यांना कळलीच नाही. मला त्या क्षणी त्या भल्या माणसाची दया आली आणि माझं ठरलं.

बाहेर आले तर आण्णा मेंढपाळ बाईंशी बोलत होते. आमच्या रानातही मुक्काम टाकाल का, असं विचारत होते. ऐकलं होतं सगळं त्यांनी.

मी त्यांना संगमावर घेऊन गेले. घाटावर भेळ घेतली. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात तिकडे तोंड करून आम्ही बसलो. मी उलटतपासाला कधी घाबरले नाही, पण तेव्हा आधी भेळेतले शेंगदाणे वेचून खाल्ले. म्हटलं, "आण्णा, मला जज्ज व्हायचं न्हाई."

ते भेळ खात राहिले. मग विचारलं, पेपराला भ्यालीस का. मी म्हटलं, नाही. मग? मी सांगायचा प्रयत्न केला. वर बसलं की जेवढं समोर आणून ठेवतील तेवढंच बघायचं असतं, आणि ते बघायला फार मोठं मन लागतं, ते माझ्या मैत्रिणीकडे आहे. मला मात्र खाली उतरून विचारायचं असतं. मला माणसांत बसायचं असतं, त्यांच्याकडे जेवायचं असतं, भांडायचं असतं. तुम्ही म्हणता तसं भाड्यानं असेल, पण आज लिंबाखाली जे झालं ते मला जज्ज होऊन करता येणार नाही.

आण्णांनी कागदाचा बोळा केला.  मग म्हणाले की मलाही फौजेत एकदा हापिसात खुर्चीवर बसवत होते, आरामाचं काम होतं, मी म्हटलं माझी पोरं मैदानात हायती, मी तिथंच बरा. एवढं बोलून ते उठले. मला वाटलं सुटले. पण दोन पायऱ्या चढून ते थांबले आणि हळूच म्हणाले, "पर फ्लेक्स?"

 इतका ताठ माणूस, त्या एका शब्दाला खांदे उतरले होते. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, आण्णा, तुमच्यासाठी बसते पेपराला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी परेडला उशिरा आलेय. म्हणाले, "माझ्यासाठी सोताला का शिक्षा करतीस? फ्लेक्सचं माझं मी बघतो."

पुढचं मला आईनं फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून पारावर गेले. सगळे असताना उभे राहिले आणि म्हणाले, "पोरगी जज्ज झाल्याली न्हाई. सांगण्यात चूक माझी हाय. नापास बी न्हाई झाली. ती वकील हाय, आन वकीलच ऱ्हाणार." मग म्हणे मेंढ्यांची हकिगत सगळी रंगवून सांगितली, मामांच्या उपरण्यासकट, आणि सगळा पार हसून हसून लोळला. कुणीतरी मागनं कुजबुजलंच असेल, गावच ते. पण हेडमास्तरांचा मला फोन आला की पाहुण्या तुम्हीच, फक्त पत्रिकेतलं पद बदलून घेतो. बांधाचं भांडण घेऊन आलेले गृहस्थही परत आले. म्हणाले, जज्ज नाही ते बरंच झालं, जज्जाला घरी येऊन बांध दाखवता आला नसता.

रविवारी मी गावी गेले. स्टँडवर वडाप थांबली आणि मी वर बघितलं. नुसती लाकडी चौकट. मीच म्हणत होते काढा म्हणून, पण वडापवाला उतरा म्हणेपर्यंत मी ती मोकळी चौकटच बघत बसले. काढून टाकला असणार, फाडलाही असेल, आणि बरोबरच आहे, म्हणत मी घरी आले. आई म्हणाली, ते गोठ्यात हायती, च्या घेऊन जा.

आण्णा म्हशीखाली बसून धार काढत होते. मी कप पुढे केला आणि का कोण जाणे वर बघितलं. गोठ्याच्या छपराला आतनं मी होते. काळा कोट, घाबरलेला चेहरा, हात जोडलेली सगळी कार्यकारिणी आणि तो गॉगलवाला. आमच्याकडे जुना फ्लेक्स गोठ्यावर घालायची सगळ्यांचीच रीत आहे, पण छापील बाजू सगळे वर टाकतात. मी विचारलं, आण्णा, उलटा का घातला?

त्यांनी धार थांबवली नाही. म्हणाले, "वर टाकला तर उन्हानं फोटू जातोय."

मग मला ते दिसलं. मधली लाल ओळ बांबूवर दुमडून, आत घेऊन, सुतळीनं पक्की आवळून टाकलेली होती. एक अक्षर दिसत नव्हतं. म्हशीच्या डोक्यावर, ते रोज सकाळ-संध्याकाळ जिथं बसतात तिथनं बरोबर वाचता येईल असं, एवढंच उरलं होतं: गावची सुकन्या, हार्दिक अभिनंदन.

मला रडू आलं. चहाचा कप हातात धरून मी तिथंच उभी राहिले, आणि आण्णा म्हणाले की बाजूला सर जरा, उजेड आडवतीस.